फडावर बाळाची झोळी कुठे बांधावी?

धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की बीड, जालना, परभणीकडच्या आपल्या वस्त्यांमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात. नवरा-बायकोचा एक कोयता, आणि बाईच्या कडेला चार-सहा महिन्यांचं बाळ. ते कुणाकडे ठेवणार? दूध अंगावरचं असतं, आजी म्हातारी असते किंवा तीही टोळीतच असते. म्हणजे बाळ फडावर जातं आणि आईची साडी झाडाला बांधून त्याची झोळी होते. वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर, कापूस वेचायला गेलं तरी हेच.

दवाखान्यात गेलं की डॉक्टर सांगतात, झोळीत घालू नका, सपाट जागी निजवा. सांगणं बरोबर आहे. पण फडावरची सपाट जागा म्हणजे ओली जमीन, त्यावर पाचट, पाचटात विंचू, मुंग्या आणि साप. तिथे जमिनीवर टाकलेल्या बाळापेक्षा नीट बांधलेल्या झोळीतलं बाळ आम्हांला बरं वाटतं. तेव्हा झोळी बांधू नका असं आम्ही म्हणणार नाही. कुठे बांधायची आणि कशी, हे मात्र सविस्तर सांगायला पाहिजे, कारण ते कुणी सांगत नाही.

झाडाखाली गेल्यावर आधी वर बघा. बायका खालची जागा झाडून घेतात, दगड-काटे उचलतात, आणि डोक्यावर वाळकी फांदी तशीच लटकत असते. पानं नसलेली, साल सुटलेली, पोखरलेली फांदी वर असेल तर ते झाड सोडा. आग्या मोहोळ असेल तर त्या बांधालाच थांबू नका, कारण शेजारी पाचट पेटवलं की धुराने माश्या उठतात. माणूस पळू शकतो, झोळीतलं बाळ पळू शकत नाही.

झाड कोणतं? चिंच, आंबा, कडुनिंब यांचं लाकूड चिवट असतं. शेवगा दिसायला भरदार, पण काडीसारखा मोडतो, शिवाय पावसाळ्यात त्यावर केसाळ सुरवंट असतात. गुलमोहराची सावली मोठी, पण फांदी ठिसूळ. पांगारा तसाच. निलगिरीची सावली विरळ आणि फांद्या पडायची खोड. नारळाखाली तर कधीच नको. फांदी हिरवी, मोठ्या माणसाच्या दंडाहून जाड असावी आणि दोरी शेंड्याकडे न बांधता बुंध्याजवळ बांधावी. बांधून झाल्यावर बाळाच्या बापाने दोन्ही हातांनी तिला लोंबकळून पाहावं. करकर आवाज आला की दुसरी फांदी शोधा. हे रोज करावं, कालची फांदी म्हणून सोडू नये.

सावलीचं एक गणित आहे. ऊसतोडीच्या दिवसांत, म्हणजे थंडीत, सूर्य दक्षिणेकडून जातो. सकाळी झाडाची सावली वायव्येला पडते, दुपारी उत्तरेला आणि नंतर ईशान्येला सरकते. म्हणून झोळी झाडाच्या उत्तर अंगाच्या फांदीला बांधली तर दुपारच्या उन्हात बाळ उघडं पडत नाही. दक्षिणेच्या फांदीला बांधली तर सकाळी सावली दिसते, पण तुम्ही मोळ्या बांधण्यात गुंतलेल्या असता तेव्हा ऊन थेट बाळाच्या तोंडावर येतं. मार्चपासून सूर्य डोक्यावर यायला लागतो, मग दाट पानांचं झाडच पाहिजे.

ऊन लागतं म्हणून झोळीवर दुसरी साडी पांघरणं ही सगळ्यात वाईट सवय. आत हवा कोंडते, बाळ तापतं आणि बाहेरून ते शांत झोपल्यासारखं दिसतं. माश्यांसाठी मच्छरदाणीचा तुकडा टाका, जाड कापड नको. बाळाच्या मानेला मागून हात लावून बघा. घामेजलेली, तापलेली असेल तर कपडे कमी करा, बाहेर काढा, अंगावर पाजा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही, उन्हातही नाही. त्याऐवजी दूध जास्त वेळा पाजायचं.

आता सावलीच्या मोहात होणाऱ्या दोन चुका. पहिली, ट्रॅक्टर-ट्रॉलीची किंवा ट्रकची सावली. झाड नसलं की झोळी ट्रॉलीला बांधतात, नाहीतर बाळाला चाकाशेजारी निजवतात. उसाने भरलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला खाली, मागे काय आहे ते दिसत नाही. गाडी उभी असो की बंद, तिला झोळी बांधायची नाही आणि गाडीवाटेच्या कडेलाही नाही. दुसरी, विजेचा खांब. खांबाला, त्याच्या तणाव्याच्या तारेला किंवा मोटारीच्या पेटीजवळच्या लाकडाला साडी बांधू नये. शेतातल्या वायरी कुठे सोललेल्या असतील याचा नेम नाही. बैल बांधलेल्या झाडापासून आणि विहीर, कालवा, शेततळ्यापासूनही लांब राहा. झोळीतलं बाळ पाण्यात जाणार नाही, पण ते राखणारी पाच वर्षांची पोर जाईल.

शेजारच्या रानात फवारणी चालू असेल तर वारा कुठून येतो ते बघा. चिमूटभर माती हातातून सोडली की कळतं. वारा फवारणीकडून झोळीकडे येत असेल तर झोळी हलवा. मुकादम ओरडेल, ओरडू द्या. ढग गडगडायला लागले की बाळाला झाडाखालून काढायचं. वीज झाडावर पडते. पक्क्या घरात जा, काम पुन्हा करता येतं.

झोळीचा तळ जमिनीपासून दीड फुटावर असावा. यापेक्षा उंच बांधली आणि गाठ सुटली तर डोक्याला मार लागतो, खाली बांधली तर कुत्रं तोंड घालतं. जागा अशी की मान वर केली की आईला झोळी दिसावी आणि रडणं ऐकू यावं. नायलॉनच्या दोरीची गाठ सरकते, म्हणून दुहेरी गाठ मारून ओढून बघा. साडी सुती घ्या, दुहेरी करा, आणि रोज उजेडासमोर धरून विरलेली तर नाही ना पाहा. मुंग्या येतात म्हणून दोरीला मुंग्या मारायचा खडू ओढू नका, रॉकेलही नको, बाळ दोरी तोंडात घालतं. बुंध्यावर मुंग्यांची रांग चढताना दिसली तर झाडच बदला.

एकाच गाठीला लोंबणारी झोळी खोल होते. बाळ त्यात कमानीसारखं वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. तान्ह्या बाळाची मान स्वतः सावरण्याइतकी बळकट नसते, ते रडतही नाही. म्हणून साडीची दोन टोकं दोन फांद्यांना, अंतर ठेवून बांधा, म्हणजे तळ पसरट राहतो. हे जमत नसेल तर वरच्या बाजूला आडवी काठी घाला, कापड तोंडावर मिटत नाही. बाळ उताणं, तोंड उघडं, हनुवटी आणि छातीमध्ये दोन बोटं जातील एवढी जागा. आत उशी नको. कमी वजनाचं किंवा दिवसांआधी जन्मलेलं बाळ झोळीत घालूच नये, त्याला छातीशी बांधून घ्यावं किंवा टोळीतल्या एका बाईने मांडीवर घेऊन बसावं. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याखाली कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमून तिला मजुरी द्यायची तरतूद केली होती. ऊसतोडीत असं कुणी देत नाही, पण दहा-बारा कोयत्यांच्या टोळीने आपसात ठरवलं तर एका बाईची मजुरी वाटून घेता येते. मोठ्या मुलीची शाळाही त्यामुळे वाचते, नाहीतर झोळीला झोका देणं हीच तिची इयत्ता होते.

बाळ पालथं पडायला, उठून बसायला लागलं की झोळी बंद. आणि बाळ काढलं की साडी सोडून घडी घालायची. रिकाम्या झोळीत मोठी मुलं बसतात, गरगर पीळ देतात, तो पीळ गळ्याभोवती बसतो. यात पोरं गेलेली आहेत. घरातही हेच लक्षात ठेवा. खोलीत झोळी चुलीपासून, पंख्यापासून आणि बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढच्या मेणबत्तीपासून इतकी दूर हवी की मोठा झोका दिला तरी पदर तिथवर पोचू नये.

रात्री कोपीत बाळाला झोळीत ठेवू नका. मण्यार रात्रीच फिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसांना चावते. तिचा चावा दुखत नाही, खूणही कधी दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात, बोलता येत नाही. अशा वेळी जखम कापणं, चोखणं, दोरीने आवळणं नको, मांत्रिकही नको. हलवाहलव न करता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालयात न्या, सापाच्या विषावरची लस तिथे मिळते. शक्य तर फडावर येतानाच बाज आणि मच्छरदाणी ट्रॉलीत टाका. बाळ बाजेवर आईशेजारी, उताणं, आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी गोधडीखाली खोचलेली.