डायलच्या आधी मशीन

पुण्यातल्या आमच्या घड्याळवेड्या मंडळींनी स्वतःची लिमिटेड एडिशन काढायचं ठरवलं, तेव्हा सुरुवातीला सगळे डायलबद्दलच बोलत होते. आकडे देवनागरी असावेत यावर एकमत होतं आणि रंग खाकी की गडद निळा यावर भांडण. हे डायल नेमकं कोणत्या घड्याळावर बसणार, हा प्रश्न मागेच राहिला होता. मला मात्र या सगळ्या खटाटोपातला तोच भाग मोलाचा वाटतो. डायल आवडलं म्हणून माणूस घड्याळ घेतो, पण पुढची वीस वर्षं ते वापरायचं की कपाटात ठेवायचं, हे केस आणि मशीन ठरवतात.

२०१७ साली ओमेगाने चाहत्यांसाठी ‘स्पीडी ट्यूसडे’ नावाने स्पीडमास्टरचे २०१२ नग काढले आणि ते साडेचार तासांच्या आत संपले. तिथे पायाचा प्रश्नच नव्हता; स्पीडमास्टर ठरलेलंच होतं. आमच्यासारख्या छोट्या गटाच्या मागे असा कारखाना नसतो. तयार केसचे नमुने मागवायचे, बाजारात सुटं मिळणारं मशीन निवडायचं आणि त्यावर आपलं डायल छापून घ्यायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

पहिला प्रस्ताव अर्थातच एचएमटीचा आला. जुनी ‘जनता’ गोळा करायची, मशीन साफ करून घ्यायचं, वर नवं डायल. कल्पना ऐकताच खोलीतले निम्मे लोक विरघळले, आणि ते साहजिक होतं. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि दोन पिढ्यांच्या मनगटावर तीच होती. १७ ज्वेलचं, चावीचं, तासाला १८,००० ठोक्यांचं मशीन, म्हणजे सेकंदाला पाच. कानाला लावलं की ते ठोके मोजता येतील असं वाटतं. साधारण ३५ मिमीची केस आजच्या मोठ्या घड्याळांपुढे लहान दिसते, पण आमच्या मनगटांवर तीच सगळ्यात नेटकी बसते.

तरीही मी या प्रस्तावाच्या विरोधात बोललो. एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. आता जी जुनी ‘जनता’ किंवा ‘पायलट’ आहेत तीच आहेत. त्यातून एका दर्जाची पन्नास जमवायची तर दीडशे उघडावी लागतील. एकाचा बॅलन्स दुसऱ्यात, तिसऱ्याची चावी चौथ्यात. आणि मूळ डायल? ते काढून बाजूला पडणार, नाहीतर त्यावरच रंग चढणार. जुनी घड्याळं भडक रंगवून ‘जुना स्टॉक’ म्हणून विकण्याचा धंदा इतका वाढला आहे की परदेशातले संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ज्या घड्याळावर आपलं प्रेम आहे, त्याचीच आपल्या हाताने अशी गत करायची नाही, हा माझा मुद्दा होता. बराच वेळ कुणी बोललं नाही, पण प्रस्ताव मागे घेतला गेला.

मग नमुन्यांची वेळ आली. आम्ही एक चांगला नियम केला होता: केसवरची नावं चिकटपट्टीने झाकायची आणि प्रत्येक घड्याळ प्रत्येकाने काही दिवस हातात घालून हिंडायचं. स्कूटरवर, स्वयंपाकघरात, पूर्ण बाह्यांच्या शर्टात. कागदावर सुंदर दिसणारी मापं मनगटावर खोटी ठरतात, हे यातून दिसलं. ४० मिमीचं एक घड्याळ ३८ मिमीच्या दुसऱ्यापेक्षा लहान वाटत होतं, कारण पट्टा अडकवायचे कान, म्हणजे लग, आखूड होते आणि खाली वळलेले होते. एका नमुन्याच्या लगमधलं अंतर १९ मिमी निघालं. तो लगेच बाद झाला: साध्या दुकानात १८ आणि २० मिमीचे पट्टे सहज मिळतात, १९ शोधत फिरावं लागतं. ‘३० मीटर’ असं लिहिलेलं घड्याळ घालून पोहता येत नाही, तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा असतो. आपल्याकडचा पावसाळा पाहता १०० मीटरच्या खाली जायचं नाही, यावर फारशी चर्चा झाली नाही.

मशीनवर मात्र शेवटपर्यंत दोन तट राहिले. एका बाजूला मियोटाचं ९०३९. जाडी फक्त ३.९ मिमी, तासाला २८,८०० ठोके, सेकंदकाटा जवळजवळ न अडखळता फिरतो. दुसऱ्या बाजूला सीकोचं एनएच३८, २१,६०० ठोक्यांचं आणि ५.३२ मिमी जाड. दोन्ही स्वयंचलित, दोघांनाही हाताने चावी देता येते. दोघांतही तारीख नाही, आणि तो मुद्दा बारीक वाटला तरी बारीक नाही: तारखेचं मशीन बिनतारखेच्या डायलखाली बसवलं, तर चावी ओढताना मध्ये एक रिकामा टप्पा लागतो आणि तो कायम बोटाला टोचत राहतो.

मियोटाच्या बाजूने एक भावुक युक्तिवादही होता. मियोटा म्हणजे सिटिझन, आणि ‘जनता’चं मशीनही मुळात सिटिझनच्याच घराण्यातलं. म्हणजे एचएमटी नाही तर निदान तिचं रक्त. हे बोलणाऱ्या मित्राचे डोळे चमकत होते, आणि मलाही ते पटत चाललं होतं.

तेव्हा आम्ही ज्यांना मुद्दाम बोलावलं होतं ते घड्याळवाले काका बोलले. पेठेतल्या छोट्याशा गाळ्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. सगळे नमुने त्यांनी मागून उघडून भिंगातून पाहिले होते आणि टायमिंग मशीनवर लावले होते. दोन्ही मशीन चांगली आहेत, असं म्हणून त्यांनी एकच विचारलं, ‘‘अहो, पाच-सात वर्षांनी हे सातारला नाहीतर लातूरला बंद पडलं, तर उघडणार कोण?’’ एनएचचे सुटे भाग मिळतात, अख्खं मशीनच बदलायचं म्हटलं तरी खिशाला झेपतं, आणि त्यावर हात बसलेले कारागीर गावोगाव आहेत. मियोटाच्या त्या पातळ मशीनची किंमत दुपटीहून जास्त. आमच्यात कॉलेजची मुलं आहेत, पेन्शनवरचे आजोबाही आहेत. घड्याळ सगळ्यांना परवडावं आणि सगळ्यांना दुरुस्त करून मिळावं, यापुढे दीड मिमीची जाडी मला क्षुल्लक वाटली.

मतदान झालं आणि एनएच३८ निवडलं गेलं. ३८ मिमीची केस, २० मिमीचे लग, सफायर काच, १०० मीटर. काही जण अजून नाराज आहेत. शर्टाची बाही घड्याळाला अडते, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. निवड तरीही योग्य झाली असं माझं ठाम मत आहे. डायलच्या रंगाचा वाद पुढच्या बैठकीवर गेला.

तुमच्या गावात कुणी असं घड्याळ काढणार असेल, तर डायलचं चित्र काढण्याआधी दुरुस्ती करणाऱ्या माणसाला बैठकीला बोलवा. आणि घरात आजोबांचं ‘जनता’ पडलं असेल तर त्याचं सर्व्हिसिंग करून घ्या, रोज सकाळी चावी द्या. डायल कितीही डागाळलेलं असलं तरी ते रंगवायला देऊ नका.