राईनपाडा आणि फॉरवर्डचं बटण

१ जुलै २०१८. रविवार होता आणि धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्यात आठवडी बाजार भरला होता. भिक्षा मागत गावोगाव फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष त्या बाजारात आले. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातले. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढ्यावरून ‘मुलं पळवणारी टोळी आली’ अशी हाकाटी झाली. जमावाने त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथे त्या पाचही जणांचा जीव घेतला. गावाचा कारभार जिथे चालतो, जन्म-मृत्यूची नोंद जिथे होते, त्या खोलीत हे घडलं. मारहाणीचे व्हिडिओ जमावातल्या लोकांनीच काढले होते.

त्याच दिवशी मालेगावात मुलं पळवण्याच्या संशयावरून पाच जणांच्या एका कुटुंबाला जमावाने घेरलं. त्यांच्यात दोन वर्षांचं मूलही होतं. पोलिसांनी त्यांना वाचवलं. महिनाभर आधी, जूनमध्ये, वैजापूर तालुक्यात चोर समजून दोघांना मारण्यात आलं होतं. म्हणजे अफवेचं पीक राज्यात आधीच उभं होतं.

त्यानंतर देशभर वाद पेटला, पण त्या वादातून राईनपाडा फार लवकर बाजूला पडला. ३ जुलैला केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सॲपला जबाबदारीची जाणीव करून देणारं पत्रक काढलं. कंपनीने उत्तर दिलं. १० जुलैला वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात आली, खोटी माहिती कशी ओळखावी याच्या दहा सूचनांसह. पुढे आलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ असं लिहून येऊ लागलं. २० जुलैला कंपनीने जाहीर केलं की भारतात एक मेसेज एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल. जगात इतर कुठल्याही देशापेक्षा भारतातले लोक मेसेज, फोटो आणि व्हिडिओ जास्त फॉरवर्ड करतात, असंही कंपनीने त्याच निवेदनात सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये व्हॉट्सॲपचे प्रमुख ख्रिस डॅनियल्स दिल्लीत आले. तेव्हाचे मंत्री रविशंकर प्रसाद यांनी त्यांच्यापुढे एक मागणी ठेवली: घातक मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला, ते शोधण्याची सोय करा.

तिथून पुढची कित्येक वर्षं संपादकीयं, चर्चासत्रं आणि न्यायालयातले युक्तिवाद याच एका मागणीभोवती फिरत राहिले. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला कंपनी आणि खासगीपणाचे पुरस्कर्ते. मी हा वाद सुरुवातीपासून वाचत आलो आहे आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं मला गांभीर्याने घ्यावंसं वाटतं. पण राईनपाड्यातल्या पाच जणांसाठी हा वाद चुकीच्या जागी लढला गेला, असं माझं ठाम मत आहे.

आधी त्या व्हिडिओंबद्दल. त्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त फिरलेल्या व्हिडिओत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसतात. तो मुळात कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जाहिरातीचा भाग होता. मूळ चित्रफितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक धरून पालकांना सावध राहायला सांगतात. भारतात फिरलेल्या तुकड्यातून हा शेवट कापलेला होता. महाराष्ट्रात फिरलेल्या दुसऱ्या एका चित्रफितीत मुलांचे मृतदेह होते. ती दृश्यं सीरियात २०१३ साली झालेल्या रासायनिक हल्ल्याची निघाली. मुलांना वाचवण्यासाठी केलेली जाहिरात आणि युद्धात मेलेल्या मुलांचे देह, दोन्ही वापरले गेले ते अनोळखी माणसांना मारण्यासाठी.

आता ‘पहिला पाठवणारा’ शोधायचा तर तो कोण? कराचीची संस्था? शेवट कापणारा? की त्याखाली आपल्या जिल्ह्याचं नाव घालून ‘आपल्या भागात टोळी आली आहे’ असं लिहिणारा? फेब्रुवारी २०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम आले. त्यांनुसार मोठ्या मेसेजिंग सेवांनी न्यायालयाच्या किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशावर पहिला पाठवणारा ओळखून दिला पाहिजे. तो परदेशात असेल, तर भारतात ज्याने तो मेसेज सर्वांत आधी पाठवला त्यालाच पहिला समजायचं, अशीही तरतूद आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात व्हॉट्सॲपने या नियमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. २०२४ मध्ये कंपनीच्या वकिलांनी न्यायालयात सांगितलं की कूटबद्धता मोडायला लावली तर आम्हाला भारतातून जावं लागेल.

तांत्रिक बाजूही इथेच समजून घेतली पाहिजे, कारण पुष्कळ गैरसमज तिच्यापासून सुरू होतात. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचे मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात; हीच ती कूटबद्धता. मधल्या सर्व्हरवर, म्हणजे कंपनीकडेही, ते वाचण्याची किल्ली नसते. मद्रास उच्च न्यायालयात २०१९ साली हाच प्रश्न आला, तेव्हा आयआयटी मद्रासचे प्राध्यापक व्ही. कामकोटी यांनी मार्ग सुचवला: प्रत्येक मेसेजबरोबर मूळ पाठवणाऱ्याची ओळख जोडून पाठवावी, हवी तर तीही कुलूपबंद करून. पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक मनोज प्रभाकरन यांनी त्याविरुद्ध मत मांडलं. ॲपमध्ये फेरफार करणारा माणूस ती ओळख बदलू शकतो, मग निरपराध माणसावर ठपका येईल आणि खरा सुटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मला प्रभाकरन यांचा मुद्दा पटतो. मजकूर कॉपी करून नवा मेसेज म्हणून टाकणं हे शाळकरी पोरालाही जमतं. ज्याला मुद्दाम आग लावायची आहे, तो हे आधी शिकेल. अडकेल तो न वाचता पुढे ढकलणारा काका किंवा मावशी.

खासगीपणाची काळजी हे परदेशी खूळ आहे, असं म्हणणाऱ्यांनी २०१९ आठवावं. पेगॅसस या हेरगिरीच्या साधनाने व्हॉट्सॲपच्या त्रुटीतून भारतातल्या वकील, पत्रकार आणि कार्यकर्त्यांचे फोन लक्ष्य केल्याचं कंपनीनेच जाहीर केलं. त्यांच्यात नागपूरचे वकीलही होते. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, तेव्हा नेमक्या याच भीतीला उत्तर दिलं होतं. कुलूप मोडण्याची किल्ली एकदा घडवली की ती फक्त अफवाखोरांवरच वापरली जाईल, याची हमी कुणीही दिलेली नाही.

पण एवढं मान्य केल्यावर कंपनीला सोडून देता येत नाही. १८ मे २०१७ रोजी झारखंडमध्ये याच अफवेने सात जणांचा बळी घेतला होता, म्हणजे राईनपाड्याच्या वर्षभराहून अधिक काळ आधी. भारतात वीस कोटींहून अधिक लोक ही सेवा वापरत होते आणि फॉरवर्डवरची मर्यादा यायला जुलै २०१८ उजाडावं लागलं. हा उशीर अक्षम्य आहे. सरकारही वर्षभर गप्प होतं, हेही तितकंच खरं.

मर्यादेचा उपयोग झाला का? मेसेजच्या दूरवरच्या प्रवासापुरता झाला. एप्रिल २०२० मध्ये, खूपदा पुढे ढकललेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा नियम आल्यावर तसे मेसेज सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. पण जमाव जमवायला दूरचा प्रवास लागत नाही. १३ जुलै २०१८ ला, पानभर जाहिरातींनंतर तिसऱ्याच दिवशी, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यात मुर्की गावाजवळ हैदराबादच्या एका तरुण अभियंत्याला जमावाने ठार मारलं. त्याच्याबरोबरच्या लोकांनी वाटेत मुलांना चॉकलेट दिली होती. ते गाडीतून निघाले, तोवर त्यांची दृश्यं पुढच्या गावच्या ग्रुपवर पोहोचली होती आणि तिथे रस्ता अडवून लोक उभे होते. तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ जण असत. एका गावाला एवढा एक ग्रुप पुरे आहे. पाचाची मर्यादा तिथे काय करणार? फोनने इथे जे बदललं तो वेग आहे. पूर्वी हाकाटी एका वस्तीवर विरायची, कारण दुसऱ्या गावाला ती कळेपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि तोवर शहाणं माणूस मध्ये पडायचं. तो मधला वेळ आता नाही.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत लोकांशी बोलून २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला अनुदान व्हॉट्सॲपनेच दिलं होतं. खोटे मेसेज लोक पुढे पाठवतात ते मुख्यतः अडाणीपणामुळे, या समजाला त्यांनी हादरा दिला. मनात आधीपासून असलेले पूर्वग्रह अशा मेसेजना वाट करून देतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. ‘डिजिटल साक्षरता’ हा आपल्याकडच्या प्रत्येक परिसंवादाचा ठरलेला उपाय असतो, म्हणून हे नीट ऐकण्यासारखं आहे. राईनपाड्यातल्या लोकांना व्हिडिओ कुठला ते माहीत नव्हतं, हे खरं. पण समोर आलेले पाच जण मुलं पळवणारेच असणार, याची खात्री त्यांना व्हिडिओने दिली नाही. ती आधीपासून तयार होती.

ती कुठून आली, हे महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. ज्याला ठाव नाही, शेत नाही, जो पालात राहतो आणि गावच्या वेशीवर उतरतो, तो संशयित, ही समजूत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारी कागदावर आणली. तो कायदा १९५२ मध्ये गेला. डवरी गोसावी हे भटके, भिक्षेकरी. राज्याच्या यादीत ते भटक्या जमाती (ब) मध्ये येतात. पण ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमाती वेगळ्या आणि भिक्षेकरी भटके वेगळे, हा फरक पोलीस ठाण्यात आणि गावच्या पारावर फारसा कुणी करत नाही. राज्याचा १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा तर भिक्षा मागण्यालाच गुन्हा ठरवतो, म्हणजे पिढीजात भिक्षेकऱ्याचं जगणं मुळातच संशयाच्या खात्यात जमा. लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ या दोन्ही आत्मकथनांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, आपण त्यांचा अभिमान बाळगला. बाळकृष्ण रेणके यांच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला, भिकू इदाते यांच्या आयोगाने राईनपाड्याच्या काही महिने आधी दिला. भटक्यांना ओळखीचे कागद, राहायला जागा आणि शिक्षण द्या, हे त्यांत आणि त्याआधीही सांगून झालं होतं. नव्या गावी गेल्यावर आधी पोलीस ठाण्यात कागद दाखवायचे, अशी सवय भटक्या समाजातल्या अनेकांनी स्वतःहून लावून घेतली आहे. गावाला मात्र ते कुणी सांगत नाही.

पुढचे दोन प्रसंग पाहा. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. टाळेबंदी होती आणि चोर, मुलं पळवणारे येतात अशी आवई आसपास उठलेली होती. फॉरवर्डचा कडक नियम जाहीर होऊन तेव्हा दहा दिवसही झाले नव्हते, पाचाची मर्यादा तर दीड वर्षांहून जुनी होती. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यात लवंगा इथे पंढरपूरकडे निघालेल्या उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना बेदम मारलं गेलं. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. जत तालुका मंगळवेढ्याला लागूनच आहे. राईनपाड्याचे मृतदेह ज्या भागात परत आले, त्याच्या शेजारी चार वर्षांनी पुन्हा तीच हाकाटी झाली.

कायद्याची उणीव आहे, असं म्हणायला फार जागा नाही. राईनपाड्यानंतर सोळाव्या दिवशी, १७ जुलै २०१८ ला, जमावाच्या हातून होणाऱ्या हत्यांबद्दलच्या तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना स्पष्ट निर्देश दिले: प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा जबाबदार अधिकारी, अफवा पसरवणाऱ्यांची आगाऊ माहिती काढणारं पथक, जलदगती न्यायालयात शक्यतो सहा महिन्यांत निकाल, पीडितांसाठी भरपाईची योजना आणि कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई. १ जुलै २०२४ पासून, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी, भारतीय न्याय संहिता लागू झाली. पाच किंवा अधिक जणांनी जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा किंवा तत्सम कारणावरून मिळून केलेला खून तिने वेगळा गुन्हा म्हणून गणला आहे. मुलं पळवण्याच्या अफवेवरून झालेली हत्या ‘तत्सम कारणा’त बसते का, यावर वकील भांडतील. भटक्यांच्या बाबतीत ती बसवलीच पाहिजे, कारण त्यांना निवडलं जातं ते त्यांच्या समाजामुळेच.

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांपैकी आपल्या जिल्ह्यात काय सुरू आहे, हे माहितीच्या अधिकारात कुणालाही विचारता येतं. ते विचारा. आणि गावपातळीवर एक साधी गोष्ट करता येते. गावात कोण उतरलं याची खबर पोलिसांना देणं हे पोलीस पाटलाचं काम आहेच. तीच माहिती उलट दिशेने, पोलीस ठाण्याकडून गावाला, मिळाली पाहिजे: अमुक गावचे अमुक लोक चार दिवस मुक्कामाला आहेत, त्यांचे कागद पाहिले आहेत. पोलीस पाटलाने आणि सरपंचांनी ते गावच्या ग्रुपवर टाकावं, बाजाराच्या दिवशी लाउडस्पीकरवरून सांगावं. त्रिपुरात जून २०१८ मध्ये अफवा खोडून काढायला लाउडस्पीकर घेऊन फिरणाऱ्या, सरकारनेच नेमलेल्या माणसाला जमावाने मारलं. अफवा पेटल्यावर सांगायला जाणं किती उशिराचं असतं, ते यावरून कळावं. सांगायचं ते माणसं पाल ठोकतात त्याच दिवशी. त्यासाठी कुणाचाही मेसेज वाचावा लागत नाही, कॅलिफोर्नियातल्या कंपनीची परवानगी लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. जिल्हा पोलीस अधीक्षकांचं एक परिपत्रक पुरे आहे, आणि ते येत्या बाजाराच्या आधी निघू शकतं.