गुरुजींच्या हाती सेना

हिरवी कातडी, लांब कान, हातात काठी आणि उंची जेमतेम दोन-सव्वादोन फूट. १९८० साली आलेल्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या चित्रपटात दलदलीच्या ग्रहावर राहणारा हा म्हातारा पहिल्यांदा दिसला, तेव्हा तरुण नायक ल्यूक त्याला ओळखतही नाही. आपण एका थोर योद्ध्याच्या शोधात आहोत, असे तो सांगतो. युद्धामुळे कोणी थोर होत नसतो, असे म्हातारा त्याला सुनावतो. हा म्हातारा म्हणजेच योडा. ल्यूक ज्याला शोधत होता तोच गुरू. एक बाहुली आणि तिला बोलते करणारे फ्रँक ऑझ, एवढ्या सामग्रीतून उभा राहिलेला हा गुरू जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात जाऊन बसला.

बावीस वर्षांनी, २००२ च्या ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’मध्ये हाच योडा लढाऊ यानातून सैन्य घेऊन उतरतो आणि भराभर हुकूम सोडू लागतो. (कथेच्या काळात मात्र हा प्रसंग आधीचा आहे.) आता तो बाहुली नाही, संगणकावर बनलेला आहे. दृश्य पाहताना अंगावर रोमांच उभे राहतात, हे कबूल. पण चित्रपट संपल्यावर प्रश्न उरतोच. शिष्याला संयम शिकवणारा हा गुरू सेनापती म्हणून पटतो का?

आपल्याला हा प्रश्न तसा नवा नाही. भीष्मांनंतर कौरवांचे सेनापतिपद द्रोणाचार्यांकडे आले आणि पाच दिवस राहिले. शस्त्रविद्येत त्यांना तोड नव्हती, व्यूहरचनेत तर नव्हतीच. पण अश्वत्थामा मेल्याची बातमी कानी पडली आणि त्यांनी शस्त्र खाली ठेवले. समोर उभे होते ते त्यांचेच शिष्य. गुरुजींचा हळवा कोपरा त्यांना ठाऊक नसणार तर कोणाला?

म्हाताऱ्या सामुराईची वही

शहाणा माणूस आणि पटणारा सेनापती एकाच व्यक्तीत पाहायचा असेल, तर थोडी वाट वाकडी करून जपानला जावे लागेल. अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ हा १९५४ सालचा चित्रपट विज्ञानकथा नव्हे. पण ‘स्टार वॉर्स’चे जनक जॉर्ज लुकास यांनी कुरोसावांचे ऋण उघडपणे मान्य केलेले आहे, म्हणून हे नाव इथे अप्रस्तुत नाही.

त्यातला कांबेई हा वयस्क सामुराई. ताकाशी शिमुरा यांनी ही भूमिका केली आहे. दरोडेखोर चाळीस आणि गावाचे रक्षण करायला माणसे सात. कांबेई काय करतो? आधी गावाभोवती पायी फिरतो. नकाशा काढतो. कोणती बाजू पाण्याने अडवायची आणि कोणती वाट मुद्दाम उघडी ठेवायची ते ठरवतो. कागदावर शत्रूच्या प्रत्येक माणसासाठी एक गोल काढतो आणि माणूस पडला की गोलावर काट मारतो. गावाबाहेरची तीन घरे वाचवता येणार नाहीत, हे तो त्या घरांच्या मालकांना तोंडावर सांगतो. ते भाले टाकून निघू लागतात, तेव्हा हा मवाळ म्हातारा तलवार उपसून त्यांना परत रांगेत आणतो.

त्या तीन घरांपाशी कांबेई सेनापती ठरतो. वाचवता येईल ते वाचवायचे, आणि जे जाणार ते आधीच मोजून ठेवायचे. गुरूला असे मोजता येत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक शिष्य हेच सर्वस्व असते.

खऱ्या युद्धातले उदाहरण हवे असेल तर फील्ड मार्शल माणेकशॉ यांचे घ्या. एप्रिल १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात सैन्य घुसवण्याचा विषय मंत्रिमंडळासमोर आला, तेव्हा आपण इंदिरा गांधींना स्पष्ट नकार दिला, असे ते पुढे सांगत असत. पावसाळा तोंडावर आहे, नद्या समुद्रासारख्या पसरतील, तयारीला वेळ हवा, ही त्यांची कारणे. युद्ध झाले ते डिसेंबरमध्ये. नद्या, पाऊस, रस्ते, दारूगोळा हा सारा हिशेब विज्ञानपटांत फारसा येत नाही. तिथे सैन्य येते, गोळ्या सुटतात, संपले!

डूकू निसटला तो क्षण

आता पुन्हा योडाकडे येऊ. जिओनोसिस ग्रहावर रिंगणात अडकलेल्या आपल्या साथीदारांना सोडवण्यासाठी त्याने सैन्य आणले, इथपर्यंत ठीक. मग तो छावणीतून तोफांचा मारा कुठे करायचा ते सांगतो. जखमी कुठे नेले, किती माणसे उरली, याची विचारपूस नाही. आणि लढाई चालू असतानाच तो ठाणे सोडून शत्रूचा म्होरक्या डूकू याच्याशी तलवारीचे दोन हात करायला एकटाच जातो. कोणत्याही सैन्यात यावर चौकशी बसली असती.

पण याच द्वंद्वाच्या शेवटी चित्रपट एक फार खरी गोष्ट दाखवून जातो. हरत आलेला डूकू एक अवजड खांब जमिनीवर पडलेल्या ओबी-वान आणि अनाकिन यांच्या अंगावर ढकलतो. योडापुढे दोनच पर्याय. डूकूला धरायचे की या दोघांना वाचवायचे? तो खांब अडवतो, दोघे वाचतात, डूकू निसटतो. त्यापुढे युद्ध तीन वर्षे चालते. गुरू म्हणून योडाचे चुकले असे कोण म्हणेल? सेनापती म्हणून मात्र त्याने ते युद्ध तिथेच लांबवले. द्रोणाचार्यांची आठवण होते ती इथे.

दुसरी चूक अधिक गंभीर. हे क्लोन सैनिक म्हणजे एकाच माणसाच्या नकला. दुप्पट वेगाने वाढवलेले, लढण्यासाठीच जन्माला घातलेले. दोन लाख तयार आहेत आणि आणखी दहा लाख वाटेवर आहेत, असे ओबी-वानला सांगितले जाते. ही फौज कोणी मागवली, पैसे कोणी मोजले, याचा नीट छडा न लावता शांततेचे रक्षक म्हणवणारे जेडाय तिचे सेनानी होतात. त्या सैनिकांना लढायचे आहे का, हे तर कोणी विचारतच नाही. २००५ च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये एक हुकूम सुटतो आणि हीच फौज आपल्या गुरूंवर बंदुका रोखते. योडा सेनापती म्हणून पटत नाही. त्याची चूक मात्र पटते, आणि म्हणूनच ती बोचते.

स्पॉक आणि रॅकहॅम

‘स्टार ट्रेक’वाल्यांनी हा पेच अधिक शहाणपणाने सोडवला, असे मला वाटते. १९८२ च्या ‘द रॅथ ऑफ खान’मध्ये स्पॉक यानाचा कप्तान आहे, पण यानावर भरणा आहे तो शिकाऊ पोरांचा. संकट येताच तो अधिकार आपणहून कर्ककडे सोपवतो. मानापमान नाही, रुसवा नाही. पुढे लढाईत तो कर्कला एकच मोलाची गोष्ट सांगतो. खान हुशार आहे, पण अवकाशात लढायची त्याला सवय नाही, तो सपाट जमिनीवर असल्यासारखा विचार करतो. कर्क यान खाली नेतो आणि मागून वर काढतो. सल्ला एकाचा, हुकूम दुसऱ्याचा!

‘एंडर्स गेम’ (२०१३) याच्या अगदी उलट. त्यात मेझर रॅकहॅम हा जुन्या युद्धाचा नायक एंडर नावाच्या पोराला लढाई शिकवतो. भूमिका केली आहे बेन किंग्जली यांनी, १९८२ च्या चित्रपटात गांधीजी झालेल्या त्याच अभिनेत्याने. शेवटची परीक्षा म्हणून एंडर जी लढाई जिंकतो ती खरीच होती, एक आख्खी जमात तीत नष्ट झाली, हे त्याला नंतर कळते. रॅकहॅम सेनापती म्हणून शंभर टक्के पटतो. पण आपल्या मुलाला त्याच्या शिकवणीला कोण पाठवील?

१९७७ च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये ओबी-वान झालेले अ‍ॅलेक गिनेस मात्र खरे युद्ध पाहून आलेले होते. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलात होते आणि १९४३ च्या सिसिलीवरील चढाईत सैन्य उतरवणाऱ्या एका नौकेचे प्रमुख होते. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मध्ये त्यांनी तत्त्वाच्या हट्टापायी शत्रूलाच भक्कम पूल बांधून देणारा कर्नल रंगवला आणि ऑस्कर मिळवले. ओबी-वानला राजकन्येच्या निरोपात ‘जनरल’ म्हटले आहे. पण त्या चित्रपटात तो कोणालाही ‘चला, मारा’ म्हणत नाही. शत्रूच्या तळावर एकटाच पावले न वाजवता जातो आणि एक यंत्र बंद करून येतो. या जनरलवर विश्वास बसतो.

मुलांना हे चित्रपट दाखवणार असाल तर कथेच्या क्रमाने एकदा जरूर दाखवा. हरलेला योडा दलदलीत जाऊन राहतो. मग बऱ्याच वर्षांनी ल्यूक येतो आणि थोर योद्धा कुठे भेटेल म्हणून विचारतो. ते उत्तर तेव्हा वेगळे ऐकू येते.