दया पुष्कळ झाली, आता व्यायाम हवा

परतवाड्याहून सातपुड्याच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर वझ्झर हे गाव लागते. आईबापांनी टाकून दिलेल्या मतिमंद, मूकबधिर व अंध मुलांसाठी शंकरबाबा पापळकर यांनी येथे बालगृह उभे केले आणि शंभरावर मुलांच्या नावापुढे बाप म्हणून स्वतःचे नाव लावले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाल्यावर या कार्याचा लौकिक सर्वत्र झाला. तथापि त्या बालगृहाला दिलेल्या नावाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ते नाव आहे अंबादासपंत वैद्य यांचे. ज्या वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीस हनुमान आखाडा सुरू केला, त्यांपैकी ते एक. त्याच आखाड्यातून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले आणि १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. बलोपासनेला आयुष्य वाहिलेल्या पुरुषाचे नाव दुबळ्यात दुबळ्या लेकरांच्या घराला असावे, या योगायोगात वऱ्हाडाने शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

वऱ्हाडात व्यायामाला तोटा नाही. मारुतीच्या देवळाशेजारी तालीम आणि तालमीत घुमणारी पोरे, हे दृश्य येथे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. परंतु बुद्धीची वाढ खुंटलेला मुलगा त्या तालमीत कधी दिसतो काय? तो सहसा घराच्या ओसरीवर बसलेला असतो. येणारा-जाणारा ‘बिचारा’ म्हणून त्याच्या हातावर काही गोडधोड ठेवतो. घरची माणसेही मायेपोटी ताटात एक पोळी अधिक वाढतात. त्याला चालावयास, धावावयास, घाम गाळावयास मात्र कोणी सांगत नाही. ही दया मनापासूनची असते. पण तिची किंमत त्या मुलाचे शरीर चुकवीत असते.

वैद्यकशास्त्र याविषयी स्पष्ट बोलते. डाउन सिंड्रोम असलेल्यांचे स्नायू जन्मतःच ढिले असतात. थायरॉइडचा विकार त्यांच्यात अधिक आढळतो आणि वजन लवकर वाढते. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. अपस्मारावरील काही औषधांनीही वजन वाढते. शिवाय यांतील अनेकांना आपले दुखणे शब्दांत सांगता येत नाही. साहजिकच रोग कळतो तोवर उशीर झालेला असतो. १९६८ साली शिकागो येथे सुरू झालेल्या स्पेशल ऑलिम्पिक्स चळवळीला याचा अनुभव आला, म्हणूनच १९९७ पासून तिने खेळांच्या मैदानावरच खेळाडूंची आरोग्यतपासणी सुरू केली.

‘त्याला कवायत कशी समजणार?’ असा प्रश्न विचारला जातो. वस्तुतः आखाड्याची शिकवण्याची रीत अशा मुलांना सोयीचीच आहे. वस्ताद व्याख्यान देत नाही, करून दाखवितो. रोज तीच वेळ, तीच जागा, तोच क्रम आणि एका वेळी एकच सूचना. नित्याच्या क्रमात या मुलांपैकी बहुतेकांना स्वस्थ वाटते. चालणे, चेंडू फेकणे, सूर्यनमस्कार, झाडांना पाणी घालणे, एवढ्यावरही पुष्कळ साधते. वझ्झरच्या उजाड टेकडीवर बालगृहातील मुलांनी हजारो झाडे लावून जगविली. खड्डा खणणे आणि पाणी वाहून नेणे हा काय कमी व्यायाम झाला? मात्र काळजी हवीच. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाची मान व हृदय डॉक्टरांना दाखविल्यावाचून त्याच्याकडून कोलांट्या किंवा शीर्षासन करवून घेणे धोक्याचे आहे.

या प्रश्नाला अर्थशास्त्राचीही बाजू आहे. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारे १५ लाख नोंदली गेली. यांतील बहुतेकांची शुश्रूषा घरची स्त्री करते आणि तिच्या कष्टांची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. मुलगा दहा वर्षांचा असतो तोवर आई त्याला उचलू शकते. तो पस्तिशीचा आणि ती साठीची झाल्यावर काय? स्वतः उठणारा, स्नान करणारा, जिना चढणारा माणूस आणि सर्वस्वी दुसऱ्यावर भार टाकणारा माणूस, यांतील अंतर अनेकदा स्नायूंच्या बळाचे असते. ते बळ कमावण्याचा खर्च अल्प. ते नसल्याचा खर्च मात्र जन्मभराचा.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ३० अन्वये क्रीडाप्रकारांत दिव्यांगांचा सहभाग घडवून आणणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिव्यांगांसाठीही व्यायामाचे प्रमाण सांगितले : मुलांना सरासरी रोज ६० मिनिटे, प्रौढांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे. ‘निरामय’ आरोग्यविम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. तथापि मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क वयाच्या अठराव्या वर्षी संपतो, बालगृहाचा आधारही त्याच सुमारास सुटतो. मग ना शाळेचे मैदान, ना कवायतीचे शिक्षक. अठरा वर्षांनंतरही या अनाथ दिव्यांगांना आश्रय राहावा, हा आग्रह पापळकर वर्षानुवर्षे धरीत आले आहेत. तोच न्याय व्यायामालाही लागू केला पाहिजे. शरीर अठराव्या वर्षी झिजायचे थांबत नाही.

यासाठी नवी इमारत नको, मोठे अनुदान नको. परतवाडा-अचलपुरातील व्यायामशाळांनी दिवसाचा एक तास या मुलांसाठी व प्रौढांसाठी राखून ठेवावा. अमरावतीच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना या तासाचे काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून द्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्राने वर्षातून एकदा त्यांचे वजन, रक्तदाब व थायरॉइड तपासावे. आणि शिक्षकांनी, शेजाऱ्यांनी त्या ओसरीवरच्या मुलाला खाऊ देण्याऐवजी हात धरून मैदानापर्यंत न्यावे.

तालमीतील मारुतीपुढे सारेच समान, असे आपण म्हणत आलो. ज्याला आजवर त्या उंबरठ्याच्या आत कोणी बोलाविले नाही, तो आत येईल त्या दिवशी हे म्हणणे खरे ठरेल.