घरपट्टीची पावती जरा वाचून पाहा

मार्च महिना उजाडला की गावाकडच्या बायकांना दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. एक म्हणजे पापड-कुरडयांची घाई. आणि दुसरी, ग्रामपंचायतीच्या शिपायाची दारावरची थाप. 'वहिनी, पट्टी भरा, यंदा नळ तोडायला सांगितलंय,' असं बजावून तो ओट्यावर पावतीपुस्तक उघडून बसतो. घरातले पुरुष शेतावर, नाहीतर कामावर. मग डाळीच्या डब्यातले, बचत गटाच्या हप्त्यासाठी बाजूला काढलेले पैसे बाहेर निघतात. पैसे मोजून देते बाई. पावती मात्र फाटते सासऱ्यांच्या नावाने, आणि काही घरांत तर ज्यांच्या फोटोला हार घालून वीस वर्षं झाली त्या आजेसासऱ्यांच्या नावाने!

पावतीची घडी करून आपण ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून देतो. मैत्रिणींनो, आज ती जरा बाहेर काढूया.

पावतीवर घरपट्टी हा एकच आकडा नसतो. दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी, मागची थकबाकी असे वेगवेगळे रकाने असतात. हे आकडे येतात पंचायतीच्या 'नमुना ८' या नोंदवहीतून. गावातल्या प्रत्येक घराचा हिशेब तिथे मांडलेला असतो: घर कुणाचं, लांबी-रुंदी किती, मातीचं की विटांचं की स्लॅबचं, राहतं की दुकानाचं. आपल्या महाराष्ट्रात पूर्वी घराच्या क्षेत्रफळावर, म्हणजे चौरस फुटांवर पट्टी लागायची. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि भांडवली मूल्यावर आकारणी आली. जागेचा सरकारी दर, बांधकामाचा खर्च, घर जुनं असेल तर घसारा, आणि वापर कशासाठी, हे सगळं धरून घराची किंमत काढायची आणि दर हजार रुपयांमागे काही पैसे असा कर लावायचा. म्हणजे जुन्या मातीच्या घराला कमी आणि नव्या स्लॅबच्या घराला जास्त, हे ओघानंच आलं.

दर चार वर्षांनी ही आकारणी नव्याने होते. तेव्हा यादी लावली जाते आणि हरकत घ्यायला मुदत मिळते. पत्र्याचं घर कागदावर स्लॅबचं झालं असेल, पडकी पडवी अजून मोजली जात असेल, तर तेव्हाच लेखी सांगायचं असतं. पण यादी लागते पंचायतीच्या फलकावर, आणि त्या फलकासमोर उभी राहून वाचणारी बाई मी तरी क्वचितच पाहिली. किराणा दुकानदाराने दोन रुपये जास्त लावले तर त्याला परत बोलावणाऱ्या आपण, इथे मात्र 'ते ह्यांना ठाऊक' म्हणून मोकळ्या होतो.

आता त्या नावाकडे वळूया. नमुना ८ वर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावावं, असं परिपत्रक राज्याच्या ग्रामविकास खात्याने २००३ मध्येच काढलं होतं. घर दोघांचं, मग नोंदही दोघांची, इतकी सरळ गोष्ट. अर्ज करायचा, मासिक सभेत तो मंजूर होतो आणि वहीत नाव चढतं. काही गावांनी हे काम मोहीम काढून केलं. बऱ्याच गावांत ते परिपत्रक फायलीतच राहिलं. त्याच्याही आधीची एक गोष्ट मला फार आवडते. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये १९८९ साली सगळ्याच्या सगळ्या महिला पंचायतीवर निवडून आल्या. पुढे शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती'च्या हाकेला साद देऊन तिथल्या पुरुषांनी बायकांच्या नावे जमिनी करून दिल्या. साताबाऱ्यावर नाव चढू शकतं, तर घराच्या वहीत का नाही?

एक मात्र ध्यानात ठेवा. नमुना ८ ही कराची नोंद आहे, तो मालकीचा पक्का पुरावा नव्हे. कोर्टात तेवढ्यावर भागत नाही. तरीही बाई एकटी पडते तेव्हा हा कागद उपयोगी पडतो. नवरा गेल्यावर दीर म्हणतो, 'तुझं इथं काय?' तेव्हा वीस वर्षं दोघांच्या नावाने फाटलेल्या पावत्या हातात असणं आणि नसणं यात फरक असतो. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली. तुमच्या गावात मोजणी झाली असेल तर त्या पत्रिकेवर कुणाचं नाव आलंय, तेही एकदा पाहून घ्या.

बरं, दिलेले पैसे जातात कुठे? नवं आर्थिक वर्ष लागायच्या आधी पंचायत आपलं अंदाजपत्रक तयार करते. वह्यांच्या भाषेत तो 'नमुना १'. नाव जड आहे, पण आपण महिन्याच्या पहिल्या तारखेला वहीत मांडतो तेच ते: एका बाजूला येणं, दुसऱ्या बाजूला जाणं. येणं दोन प्रकारचं असतं. वित्त आयोगाचा निधी आणि योजनांचं अनुदान ही वरून येणारी रक्कम मोठी, पण तिला अटी असतात. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून ठेवलेला होता. माहेरहून आलेलं लुगडं जसं 'अमुकच सणाला नेस' असं सांगून यावं, तसं ते! दुसरं येणं म्हणजे पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न: घरपट्टी, पाणीपट्टी, आठवडी बाजाराची फी, गाळ्यांचं भाडं. गावाला आपल्या मर्जीने खर्च करता येतो तो मुख्यतः हा पैसा. रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल, पाण्याच्या मोटारीचं बिल, टाकीत टाकायची पावडर, पाणी सोडणाऱ्याचा पगार, हे सगळं बरंचसं त्यातूनच भागतं. वसुली झाली नाही की आधी दिवे जातात, मग नळाला दिवसाआड पाणी येतं. आणि दिवसाआड पाणी आलं की पहाटे चारला कोण उठतं, हे तुम्हाला सांगायला नकोच.

पट्टी भरणं सोपं केलं तर लोक भरतात, हे छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने दाखवून दिलं. वाळूज औद्योगिक वसाहतीच्या शेजारचं हे गाव. भास्करराव पेरे पाटील तिथे सरपंच असताना पंचायतीने पिठाची गिरणी घातली आणि ज्याची सगळी पट्टी भरलेली, त्याला वर्षभर दळण फुकट! ही युक्ती स्वयंपाकघराची नाडी ओळखणारी. दळणाचा डबा घेऊन गिरणीत जाते ती बाईच, त्यामुळे 'पट्टी भरली का हो?' हे विचारणंही तिच्याकडेच आलं. इतर गावांनीही पुढे ही कल्पना उचलली. तुमच्या गावात गिरणी नसेल, पण वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर पट्टी भरली तर पाच टक्के सूट मिळते. शिपाई मार्चमध्ये येईपर्यंत थांबून ही सूट आपण घालवतो.

पट्टी थकवण्याचा आणखी एक फटका खास बायकांना बसतो. राज्यात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पण बिल हाती पडल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्यपद जाऊ शकतं, असं कायदाच सांगतो. घराचा कारभार नवऱ्याकडे, थकबाकी त्याने केलेली, आणि खुर्ची जाते बाईची. फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी धावपळ करण्यापेक्षा पावत्यांची पिशवी स्वतःच्या ताब्यात ठेवलेली बरी.

पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. हा दहा टक्क्यांचा हिशेब फारसा कुणी विचारत नाही. समजा, गावात चारशे घरं आहेत आणि सरासरी पट्टी पाचशे रुपये. सगळी वसूल झाली तर दोन लाख, म्हणजे आपल्या वाट्याचे वीस हजार. निम्मीच झाली तर दहा हजार. रक्कम मोठी नाही, पण अंगणवाडीला शेगडी-भांडी येतील, मुलींना शिवणाचा वर्ग निघेल, इतकी आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा ती हळदीकुंकवाच्या मंडपात आणि बक्षिसाच्या पैठणीत जिरते. हळदीकुंकवाला माझा विरोध नाही, मलाही वाण आवडतं. पण ते आपल्याच पट्टीच्या पैशातून आलं आणि त्यावर 'सरपंचांतर्फे सप्रेम भेट' असं छापलं, की हसू येतं.

हे विचारायची जागा म्हणजे ग्रामसभा. तिच्या आधी फक्त महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षणाचे शेरे ठेवावे लागतात. कुठे कुठे महिला सभा कागदावरच होते आणि सह्यांची वही घरोघरी फिरते. 'इथे सही करा वहिनी' म्हटलं की आपण पोळी लाटता लाटता करतो. ती वही आली की आधी वरचे ठराव वाचायचे, आणि सभेला गेलो नसू तर सही करायचीच नाही. जाणार असाल तर चौघीजणी मिळून जा. एकटीचा आवाज दबतो. 'महिला बालकल्याणाला यंदा किती धरले, गेल्या वर्षी किती खर्च झाले, कशावर?' एवढंच विचारायचं. आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगायचं.

तुमचं सासर आता नगरपंचायत किंवा नगरपालिकेत गेलं असेल तर तिथे ग्रामसभा नाही. नगरसेवकाला गाठावं लागतं. बाकी पट्टी, नाव आणि हरकत यांची गोष्ट तीच.

नमुना ८ चा उतारा लोकसेवा हक्क कायद्याखाली थोड्याशा फीमध्ये, ठरलेल्या दिवसांत मिळतो. तो ग्रामसेवकांकडे मागायचा. २०२४ पासून या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय. पंचायतीचा मंजूर आराखडा आणि खर्च 'ई-ग्रामस्वराज'वर मोबाइलमध्येही दिसतो. तुम्हाला जमलं नाही तर दहावीतल्या लेकीला सांगा, ती दोन मिनिटांत काढून देईल.

आणि सभेला गेलात आणि 'गणपूर्ती नाही, सभा तहकूब' असं ऐकायला मिळालं तर नुसतं घरी परतू नका. ग्रामसभेला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लागतात. पण तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा ही अट राहत नाही. त्या दिवशी दहा माणसं आली तरी ठराव होतात. म्हणून निघायच्या आधी तहकूब सभेची तारीख आणि वेळ विचारून घ्या, आणि आपल्या गल्लीतल्या बायकांनाही कळवा.