सिकंदर : एका नावाचा प्रवास

तुमच्या मोहल्ल्यात एखादा सिकंदर असेलच. हे नाव इतके ओळखीचे आहे, की ते दूरच्या ग्रीस देशातून आले असेल असे वाटतही नाही. परंतु इतिहासाच्या मराठी पुस्तकातील अलेक्झांडर आणि आपला सिकंदर ही एकाच ग्रीक नावाची दोन रूपे आहेत.

मूळ नाव 'अलेक्सांद्रोस'. त्यात दोन शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ संकट परतवणे, रक्षण करणे. दुसऱ्याचा अर्थ पुरुष. म्हणजेच अलेक्सांद्रोस हा माणसांचा रक्षणकर्ता. होमरच्या 'इलियड' या महाकाव्यात ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस यालाही याच नावाने संबोधले आहे. म्हणजे हे नाव जगज्जेत्या अलेक्झांडरच्या कितीतरी आधीचे.

तो अलेक्झांडर मॅसिडोनियाचा राजा होता. त्याचा जन्म इ.स.पू. ३५६ मध्ये झाला आणि मृत्यू इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोन येथे झाला. नाव रक्षणकर्त्याचे, पण इ.स.पू. ३३५ मध्ये त्याने थीब्झ हे ग्रीकांचेच नगर जमीनदोस्त केले आणि वाचलेल्या लोकांना गुलाम म्हणून विकले. नाव एक आणि करणी दुसरी! पुढे तो इराण जिंकून बियास नदीपर्यंत आला. त्याच्या विजयांमुळे नावाचा मूळ अर्थ मागे पडला. आजही उर्दूत भाग्यवान विजेत्याला 'मुकद्दर का सिकंदर' म्हणतात, ते यामुळेच.

आता अलेक्झांडरचा सिकंदर कसा झाला ते पाहू. येथे तुम्हांला तुमच्या भाषेची मदत होईल. अरबीत नामाच्या आधी 'अल' लागतो, हे तुम्ही जाणता. ग्रीक नावाच्या आरंभीचा 'अल' अरबांना तोच वाटला. तो वेगळा काढल्यावर 'एक्सांद्र' एवढेच उरले. मग 'क्स'मधील क् आणि स् यांनी जागा बदलल्या. बोलताना असे सहज घडते. 'मतलब'ला 'मतबल' म्हणणारे आपण ऐकतोच. अशा रीतीने 'इस्कंदर' तयार झाले आणि फारसीत त्याचे 'सिकंदर' असेही रूप झाले. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहराला अरबीत 'अल-इस्कंदरिया' म्हणतात, तेही असेच.

फारसी कवी निजामी गंजवी यांनी 'सिकंदरनामा' लिहिला. अमीर खुस्रो यांनी 'आईना-ए-सिकंदरी'. अशा काव्यांतून हे नाव भारतात घरोघरी पोहोचले. दिल्लीच्या निजाम खानाने १४८९ मध्ये गादीवर बसताना सिकंदर लोदी हे नाव घेतले. आग्र्याजवळचे सिकंदरा हे गाव त्याच्याच नावाचे. तेथे आज बादशहा अकबराची कबर आहे.

इतर देशांत याच नावाची रूपे पाहा : स्पेनमध्ये आलेहान्द्रो, इटलीत आलेस्सांद्रो. रशियात तर लाडाने 'साशा' म्हणतात! १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लावणारे डॉ. फ्लेमिंगही अलेक्झांडरच. त्या औषधाने असंख्य माणसांचे प्राण वाचवले.

मूळचे हे पुरुषाचे नाव. पण आपल्याकडे ते एका राणीनेही धारण केले. भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम यांनी १८६० ते १८६८ या काळात राज्य केले. १८६३-६४ मध्ये त्या हजला गेल्या आणि त्या प्रवासाची हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली.