आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: गावाचं स्वतःचं अग्निशमन दल असू शकतं का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "बरं का" आणि "म्हणजे कसं" थोडे कमी केलेत.

आजची सुरुवात एका म्हणीपासून. "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी." आग एकीकडे आणि ती विझवायची सोय भलतीकडे. यातला बंब म्हणजे आजीच्या घरी अंघोळीचं पाणी तापवायचा तो तांब्याचा बंब नव्हे. हा आग विझवायचा बंब. शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत बोंबा म्हणजे पंप. आणि गंमत बघा, स्पॅनिश भाषेत आग विझवणाऱ्या माणसाला आजही बोंबेरो म्हणतात. म्हणजे आपला बंब आणि त्यांचा बोंबेरो हे चुलतभाऊ. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी जालना जिल्ह्यातला, अंबड तालुक्यातला. सध्या पुण्यात कोड लिहितो. आमच्या कामात एक शब्द रोज येतो, लेटन्सी. तुम्ही बटण दाबलं आणि उत्तर आलं, यामधला वेळ. ॲप तीन सेकंद अडकलं तरी लोक वैतागून बंद करतात. आता हेच गणित आगीला लावून बघू.

समजा तुमचं गाव बंब असलेल्या शहरापासून ३५ किलोमीटरवर आहे. भरलेला बंब म्हणजे साधारण साडेचार-पाच हजार लिटर पाणी, वर यंत्रं आणि माणसं. आपल्याकडच्या रस्त्यांवर त्याला सरासरी ताशी ४० चा वेग मिळाला तरी खूप. म्हणजे नुसत्या प्रवासाला ५० मिनिटांच्या वर. फोन लागणं, पत्ता सांगणं, गाडी निघणं हे वेगळंच. आणि वाळलेल्या कडब्याची गंजी पेटली की पहिल्या दहा मिनिटांत निकाल लागलेला असतो.

ड्रायव्हर कितीही तयारीचा असो, अंतर काही तो कमी करू शकत नाही. त्यामुळे प्रश्न असा आहे: पहिली दहा मिनिटं कोणाची?

कायदा काय म्हणतो?

१९९२ मध्ये ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती झाली. शाळेत नागरिकशास्त्रात हे घोकलेलं असेल. ७४वी दुरुस्ती शहरांसाठी. त्यातून आलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत आणि सातवा विषय स्वच्छ लिहिलाय, अग्निशमन सेवा. ७३वी दुरुस्ती गावांसाठी. तिच्यामुळे आलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. शेती, पिण्याचं पाणी, रस्ते, बाजार, सगळं आहे. अग्निशमन नाही.

आपल्या ग्रामपंचायत कायद्यात, म्हणजे १९५८ च्या अधिनियमात, गावाच्या संरक्षणाच्या कामांमध्ये आग विझवायला मदत करणं येतं. शब्द बघा, "मदत". दल उभारा, गाडी घ्या, माणसं नेमा असं नाही. थोडक्यात, आपल्या व्यवस्थेत बंब ही शहराची गोष्ट आहे. गावाच्या वाट्याला येतो तो पाहुणा म्हणून.

असं का झालं?

कारण आग विझवायची यंत्रणा जन्मलीच शहरात, आणि तीही मोठा फटका बसल्यावर. १८०३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कोटात प्रचंड आग लागली आणि वस्तीचा मोठा भाग गेला. इकडे पुण्यात १८२८ मध्ये शनिवारवाडा पेटला. ती आग बरेच दिवस धुमसत राहिली आणि आत फारसं काही उरलं नाही. आज आपण तिथे सेल्फी काढतो ते बहुतेक जोत्यांसमोर. पेशव्यांच्या राजवाड्याची ही गत, तर साध्या घरांचं काय होत असेल?

मुंबईत १८५५ च्या सुमाराला घोड्यांनी ओढायचे बंब आले, पण ते सांभाळायचं काम पोलिसांकडे होतं. म्हणजे चोर पकडणारे तेच, आग विझवणारेही तेच. १८८८ च्या महापालिका कायद्याने ही जबाबदारी महापालिकेवर आली आणि मग पगारी, पूर्णवेळचं दल उभं राहिलं.

त्या दलाने पुढे काय किंमत मोजली तेही सांगतो. १४ एप्रिल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाबासाहेबांची जयंती येते. त्याच तारखेला, १९४४ मध्ये, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १४०० टन स्फोटकं. विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान स्फोटात गेले. म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन असतो आणि त्यापुढचा आठवडा अग्निशमन सप्ताह.

हे सगळं मुंबईत चाललं होतं तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथले कायदे आपल्याला लागूच नव्हते. आणि जालना जिल्हा म्हणून आपण तर १ मे १९८१ ला जन्मलो. त्यामुळे आपल्या खेड्यांत आगीची व्यवस्था म्हणजे शतकानुशतकं एकच: कोणीतरी ओरडायचं आणि सगळ्यांनी घागरी घेऊन पळायचं.

पण जगात सगळीकडे असंच नाही

आता गोष्ट १७३६ ची. अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर, घरं लाकडाची, दल वगैरे काही नाही. बेंजामिन फ्रँकलिन, तोच तो विजेवाला, त्याने शेजारीपाजारी जमवून युनियन फायर कंपनी काढली. पगार शून्य. प्रत्येक सदस्याने ठरलेल्या संख्येत चामड्याच्या बादल्या घरी तयार ठेवायच्या, आणि सामान बाहेर काढायला मजबूत पिशव्या. महिन्यातून एकदा बैठक. जो येणार नाही त्याला दंड. आणि त्या दंडाच्या पैशातून शिड्या, आकडे, पुढे बंब.

मला यातली सर्वात आवडलेली गोष्ट वेगळीच. सदस्य झाले साधारण ३०. आणखी लोक यायला लागले तेव्हा यांनी काय केलं? गट फुगवला नाही. त्यांना सांगितलं, तुमच्या भागात तुमची वेगळी कंपनी काढा. तशा अनेक निघाल्या. ज्याने कधी दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक काम ठरवायचा प्रयत्न केलाय, त्याला यातलं शहाणपण लगेच कळेल.

जर्मनीत आजही गावोगावी स्वयंसेवी दलं आहेत. असे स्वयंसेवक सुमारे दहा लाख. दिवसा कोणी सुतार, कोणी शिक्षक, कोणी बँकेत. हाक आली की मालकाने त्यांना कामावरून सोडायचं, असा कायदाच आहे. आणि चिली देश? तिथलं पहिलं दल १८५१ मध्ये वालपाराइसो या बंदराच्या शहरात निघालं, स्वयंसेवकांचं. आज पूर्ण देशातले बोंबेरो स्वयंसेवकच आहेत, राजधानीतलेसुद्धा. आपल्या बंबाच्या चुलतभावाने बघा किती लांब मजल मारली!

स्वयंसेवा आपल्याला परकी आहे असंही नाही. गणपतीच्या बंदोबस्ताला दिसणारे होमगार्ड ही मुळात स्वयंसेवी संघटना. ती ६ डिसेंबर १९४६ ला मुंबईतच सुरू झाली. आपल्याकडे माणसं कमी नाहीत. माणसांच्या हाताला आधीच ठरवून दिलेलं काम नाही.

आमच्या गावातलं एक उदाहरण

दोन उन्हाळ्यांपूर्वी मी सुट्टीला गावी होतो. दुपारी आमच्या भावकीतल्या एका काकांची कडब्याची गंजी पेटली. शेजारी गोठा, गोठ्यात बैलजोडी आणि एक गाभण गाय. पन्नास-साठ माणसं धावली. विहीर शंभर पावलांवर. सगळे बादली घेऊन विहिरीवर, तिथे झुंबड, मग सगळे गंजीकडे, निम्मं पाणी वाटेत सांडलेलं.

फरक पडला तो दोन माणसांमुळे. काकांची पुतणी, बारावीतली पोरगी, हातात विळा घेऊन गोठ्यात शिरली आणि सरळ दावी कापली. गाठी सोडत बसली नाही. आणि पलीकडच्या वस्तीवरचा एक दादा मोसंबीच्या बागेत फवारणी करत होता. तो ट्रॅक्टरला जोडलेला ब्लोअर तसाच घेऊन आला. टाकीत पाणी होतंच. त्याने जळणारी गंजी सोडली आणि गोठ्याचं छप्पर आणि भिंत भिजवत राहिला. बंब पोचला तेव्हा गोठा उभा होता. बंबवाल्यांनी मग गंजी उपसून आतला विस्तव विझवला. ते काम ब्लोअरने झालंच नसतं.

जनावरं वाचली, पण वर्षाचा चारा गेला. काकांनी पावसाळ्याआधी एक बैल विकला. दुसऱ्याला जोडी नाही म्हणून महिन्याभरात तोही विकला. आग पाऊण तासाची, पण त्या घरची शेती तिथून बदलली.

मग गावाने काय करायचं?

आधी बादल्यांचं गणित. वीस माणसं, विहीर साठ मीटरवर. तीन-तीन मीटरवर उभे राहिले की रांग पूर्ण होते. माणसाने जागा सोडायची नाही, बादली पुढे सरकवायची. दर पाच सेकंदांना दहा लिटरची एक बादली पोचली तर मिनिटाला १२० लिटर. रिकाम्या बादल्या पोरं दुसऱ्या बाजूने परत नेतील. खर्च शून्य, फक्त एकदा सराव हवा.

दुसरं, पाण्याची यादी. जालना, अंबड, बदनापूर, घनसावंगी या पट्ट्यात मोसंबी आहे, म्हणजे ब्लोअर आहेत. कडवंचीसारख्या गावात तर शेततळीच शेकडो आहेत. कोणाकडे ब्लोअर, कोणाकडे टँकर, कोणतं शेततळं उन्हाळ्यात भरलेलं, हे एका कागदावर लिहून पंचायतीच्या भिंतीवर लावा.

तिसरं, हाक. महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा वापरतात. एका टोल फ्री नंबरवर तुम्ही बोललात की तुमचाच आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाईलवर एकदम जातो. जुन्या दवंडीचंच हे नवं रूप. ग्रुपवरचा मेसेज म्यूट असतो, फोन मात्र वाजतो.

चौथं, वाटून दिलेली कामं. एकाने १०१ किंवा ११२ ला फोन करायचा, आणि जवळच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबरही सेव्ह ठेवायचा. एकाने फाट्यावर उभं राहून बंबाला वाट दाखवायची. एकाने वायरमनला सांगून लाईट बंद करून घ्यायची, तोवर तारांजवळ कोणी पाणी मारायचं नाही. दोघांनी जनावरं सोडायची. पेटलेल्या घरात सिलिंडर असेल तर गर्दी मागे हटवायची. आणि आधी काय वाचवायचं ते ठरवायचं: माणूस, मग जनावर, मग शेजारचं न पेटलेलं घर. पेटलेली गंजी सगळ्यात शेवटी.

पाचवं, गंजी गोठ्यापासून लांब रचा. हे मोठ्यांना पटवायला वेळ लागेल, पण काकांचं उदाहरण सांगा.

यातून बंब येत नाही, हे खरं. मोठ्या आगीला बंबच लागतो, आणि तो तालुक्या-तालुक्यात हवा ही मागणी आपण करतच राहायची. पण पन्नास मिनिटांचा प्रवास आहे तोवर पहिली दहा मिनिटं गावाचीच आहेत. फ्रँकलिनच्या लोकांकडेही सुरुवातीला बादल्या आणि पिशव्याच होत्या. बंब दंडाच्या पैशातून नंतर आला.

तुमच्या गावात असं काही सुरू असेल, कोणी ब्लोअरने आग विझवली असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो. आणि हा भाग गावच्या ग्रुपवर टाकाच, निदान त्यातला पाण्याच्या यादीचा मुद्दा तरी. भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या!